चौकटीबाहेरचं स्वयंपाकघर

फोटोत नाही ते गावात नाही, हा कोळंबखाडीचा नियम. हेमांगी तांडेलला तो सातवीत सांगितला गेला, आणि यावर प्रश्न विचारायचा नसतो हेही तेव्हाच बजावलं गेलं.

दर नारळी पौर्णिमेला, सर्वांत जास्त लाइक मिळालेला गावाचा फोटो ग्रामसभा मंजूर करी. पुढचं वर्षभर गाव तेवढंच. चालू फोटोची कड तांडेलांच्या घरातून गेली होती. ओटी आत आली, स्वयंपाकघर बाहेर राहिलं. आई चुलीपाशी गेली की दिसायची नाही, हाकेला ओ द्यायची नाही. मग चहा घेऊन ओटीवर उगवायची. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. शेजारच्या मेथरांचं तर अख्खं घर बाहेर होतं, नुसता वाळत घातलेला पंचा आत. ते पंच्यापाशी येऊन बोलत.

यंदा एका पर्यटकाने पायरीवर सुके बांगडे गोळा करणाऱ्या हेमांगीचा फोटो टाकला. मागे सूर्यास्त. चाळीस हजार लाइक आले. फोटो चौकोनी होता. त्यात हेमांगीने आणि बांगड्यांनी पुरती भरलेली पायरी होती, ओटी नव्हती. म्हणजे आईला बाहेर यायला जागाच उरणार नव्हती.

फोटोतल्या माणसाची सही लागते, म्हणून सरपंच काशिनाथकाका कागद घेऊन आले. सोबत पंच बाबलीआजोबा. आई चहा ठेवायला आत गेलेली. काकांनी हेमांगीचं अभिनंदन केलं, पोरीने गावाचं नाव काढलं म्हणाले. तिने आईचं काय, एवढंच विचारलं.

"आवशीक काय धाड भरली?" आजोबा म्हणाले. "आत सुखात असतली. आणि असा इचारूचा नसता, बाय."

"पुढच्या पौर्णिमेला बघू," काका म्हणाले. "चाळीस हजार माणसांना आवडलं. तू एकटीच शहाणी?"

"त्या चाळीस हजारांतला एक तरी या घरी जेवलाय का? तुम्ही जेवलात, काका. परवाच. तिसऱ्यांदा सोलकढी मागितलीत, तेव्हा ती कुठून आली हे विचारलं नाहीत."

काकांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे धरलं.

"मी सही करणार नाही," हेमांगी म्हणाली. "या वर्षी नाही, पुढच्याही नाही. आणि आई चहा घेऊन आली की तिला सांगा, तुम्ही कशासाठी आला होतात ते."

आजोबांनी काकांकडे पाहिलं. काका कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.