तीन रिव्हेटांचा ताम्रपट

जुनी वस्तू खरी की खोटी, हे ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या गिरगावात नव्हता. दादर-परळात असेलही, पण तिकडे मी कधी चौकशी केली नाही. मोठमोठ्या विद्वानांना भिंगं लागतात, रसायनं लागतात. मला तीनच गोष्टी लागायच्या: हात, नाक आणि जीभ. वस्तू हातात तोलायची, हुंगायची आणि कुणी बघत नाहीसं पाहून जराशी चाटायची. शतक लगेच कळतं!

या विद्येच्या जोरावर मी चोरबाजारातून एक शिवकालीन कुलूप आणलं होतं. आमच्या सहा वर्षांच्या बेबीने त्यात घरच्या पत्र्याच्या ट्रंकेची किल्ली घातली आणि ते खटकन उघडलं.

"बघा!" मी म्हणालो, "त्या काळचे लोहार किती पुढचा विचार करायचे!"

माझ्या बायकोने, सुमतीने, बेबीच्या हातातली किल्ली काढून घेतली. तिने ते कुलूप ट्रंकेला लावून टाकलं.

आता एक कबुली देतो. हे कुलूप घेण्यासाठी मी सुमतीच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ मोडीत घातलं होतं! ती चार दिवस आईकडे गेली असताना. थोरलं घंगाळ होतं, बेबीच्या बारशाच्याही आधीपासून न्हाणीत ठाण मांडून बसलेलं. परत आल्या आल्या तिने विचारलं, "घंगाळ कुठाय?"

साल छप्पन्न. वाडीतल्या प्रत्येक भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं. खिडकीतून मला तेवढंच दिसत होतं.

"सत्याग्रहींना दिलं," मी म्हणालो, "बिचाऱ्यांकडे पाणी भरून ठेवायला भांडं नव्हतं गं."

सुमतीचे डोळे भरून आले. "माझ्या आईचं घंगाळ चळवळीच्या कामी आलं!" म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला सांगून आली. दुसऱ्या दिवसापासून नळावर बायका तिला पहिला नंबर द्यायला लागल्या. मला लाज वाटली. खरंच वाटली. पण नुसती लाज वाटून घंगाळ परत येत नाही, म्हणून मी गप्प बसलो.

पावसाळा उलटल्यावर मी पुन्हा चोरबाजारात. एका दुकानापुढच्या डबक्यात मला तो दिसला. तांब्याचा पत्रा! हातभर रुंद, गोलसर, ठोकून सपाट केलेला, वर हिरवागार कळंक.

"कितना पुराना है?" मी विचारलं.

"आपको कितना चाहिए, साब?"

किती नम्र माणूस! मी पत्रा तोलला: हजार वर्षं. हुंगला: बाराशे. चाटला, तर शिकेकाईची चव! यज्ञातल्या वनौषधी, दुसरं काय? उजेडात धरला तर कळंकाखाली सगळीकडे बारीक ठोके, अगदी ओळीने. ब्राह्मी लिपी! मध्यभागी एका चौकोनात तीन गोल ठिपके. जुन्या दानपत्रांवर चंद्रसूर्य कोरलेले असतात, हे मला ठाऊक होतं. तिसरा ठिपका कसला ते ठाऊक नव्हतं, म्हणून तो शुक्राची चांदणी ठरवून टाकला.

लायब्ररीतून लिपीचं पुस्तक आणून मी आठ दिवस वाचन केलं. साठेक ठोके जुळले. जे जुळले नाहीत त्या लेखनिकाच्या चुका धरल्या. अर्थ लागला तसा मी ताडकन उभाच राहिलो. 'हे बेट मराठी मुलखाचे. चंद्रसूर्य असेतो.' मुंबई कोणाची यावर सगळा देश भांडत होता आणि निकाल माझ्या कपाटाखाली पडलेला!

धावत अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि वाडीतल्या समितीच्या शाखेचे प्रमुख.

"गुरुदत्त, नक्की ना रे?"

"अण्णा, मी चाटून पाहिलंय!"

"मग प्रश्नच मिटला," अण्णा म्हणाले. "रविवारी सभा! लाउडस्पीकर लावू. आणि हो, त्याच सभेत सुमतीबाईंचा सत्कार, घंगाळाबद्दल!"

मी घाईघाईने म्हणालो, "तिला असलं काही आवडत नाही हो."

"म्हणूनच करायचा!"

रविवारी दुपारी लाउडस्पीकर बांधून घरी आलो, तर ताम्रपट ओट्यावर आरशासारखा लखलखत उभा! शेजारी चिंचेचा कोळ आणि राख.

"अगं, हजार वर्षांचा कळंक घासून काढलास?"

"चार लोक बघणार. तसाच घाणेरडा नेणार होतात?" सुमतीचा आवाज फारच शांत होता. तिने त्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे काय?"

"चंद्र, सूर्य आणि शुक्राची चांदणी."

"बरं," म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

नारळ नासका निघाला तर वाण्याशी तीन दिवस भांडणारी बाई नुसतं 'बरं' म्हणाली! तिथेच मी समजायला हवं होतं. पण मला वाटलं, माझ्या विद्वत्तेने दिपली.

चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मी अर्धा तास बोललो. टाळ्या! घोषणा! कुणीतरी हार घातला. मग अण्णांनी सुमतीला वर बोलावून तिच्या हातात श्रीफळ दिलं.

"अण्णा, दोन शब्द बोलू?" तिने विचारलं. "हा ताम्रपट अगदी खरा आहे."

माझी छाती हारासकट फुगली.

"मी शपथेवर सांगते," सुमती म्हणाली, "बेबीला मी यातच आंघोळ घातलीय."

मग तिने गर्दीकडे बघून हात केला.

"गुणाजीभाऊ, जरा वर या."

गुणाजी म्हणजे आमच्या वाडीच्या तोंडाशी जिन्याखाली बसणारा तांबट. तो आला आणि पत्र्याकडे बघून त्याचं तोंड उजळलं. "वैनी, ह्या ठिगळ माझा! दोन वर्सांमागे तीन रिव्हेट मारलंय. एक तरी हाललो काय, बघा!"

"आणि ही ब्राह्मी?" अण्णांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कसली ब्रामी? हातोडीचे ठोके ते, मास्तर. असा ठोकून मठारल्याशिवाय तांबा कडक होयत कसा?"

अण्णा हळूहळू माझ्याकडे वळले. "गुरुदत्त, घंगाळ सत्याग्रहींना दिलं होतंस ना? मग ते चोरबाजारात काय करत होतं?"

अख्खी वाडी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. एरवी भराभर शतकं बाहेर पडायची, आज एक वर्षसुद्धा पडेना.

"नाव काठावर घातलेलं होतं," सुमती म्हणाली. "मोडीवाल्याने काठ कापला, म्हणून यांना ओळखू आलं नसेल." मग माइक समोर आहे हे विसरून हळूच पुटपुटली, "चार महिने मी नळावर पहिला नंबर घेत होते हो." तिने श्रीफळ अण्णांच्या हातात परत दिलं आणि मान खाली घालून उतरली.

लोक हसले ते मला चाललं असतं. त्या नारळाचं मात्र फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी माझा सगळा पुराणवस्तुसंग्रह मोडीत घातला. ट्रंकेच्या कुलपाला सुमतीने हात लावू दिला नाही, चांगलं चालतंय म्हणाली. ताम्रपट पिंपावर झाकण म्हणून बसला. मुंबईचा निकाल पुढे चार वर्षांनी लागला, माझ्या पुराव्यावाचून!

मग आम्ही दोघं तांबाकाट्यावर, भांड्यांच्या बाजारात जाऊन नवं घंगाळ घेतलं. दुकानदाराने रिवाजाप्रमाणे विचारलं, "नाव काय घालू?"

"काठावर नको," सुमती म्हणाली. "पोटावर घाला, मोठ्या अक्षरात." आणि काय घालायचं ते त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं.

टक टक टक टक! पाच मिनिटांत काम झालं. सुमतीने घंगाळ माझ्यापुढे फिरवलं. "तुम्हाला जुन्या-नव्याचं कळतं ना? वाचा."

'सौ. सुमती हिचे. विकू नये.'

हा लेख मी एका दमात वाचला. पुस्तक न उघडता आणि न चाटता!