गणपतकाकांची नऊ पिनांची तार

टीव्हीला गाणं लावायला सांगून वर त्याच्या उत्तराची वाट पाहणारा माणूस आमच्या मावला गावात एकच, गणपतकाका. टेलिफोनच्या केबली जोडण्यात त्यांची सारी नोकरी गेली, त्यामुळे जीव तारेत. रिमोट म्हटलं की तोंड वाकडं! "हवेत बोट दाबाचं अन् देवावर भरोसा ठेवाचा. छट्! जवाब आला पायजे."

हे "जवाब आला पायजे" आम्ही शेजारी दिवसातून दहादा ऐकतो. माझ्या दुकानातून साखर घेतली तरी काका म्हणणार, "नेली बरं." मी "हो" म्हणेपर्यंत पायरी उतरणार नाहीत. एकदा मी मुद्दाम गप्प बसलो, तर गिऱ्हाइकांच्या मधोमध उभेच!

त्यांची बायको इंदूकाकू, गुडीहत्नूरची. दोन वर्षांत तिची नजर पार अधू झाली. काकांनी तिच्या माहेरच्या बायकांची लग्नातली गाणी टीव्हीला जोडलेल्या मीडिया प्लेअरमध्ये भरून दिली होती. पण पडद्यावरची यादी दिसेना, रिमोटचं बटण सापडेना. दर वेळी कुणाला तरी हाक मारायची. एक दिवस ती म्हणाली, "बंद करा ते. कोनाकोनाले हाका मारू मी?"

घरातली गाणी बंद झाली, आणि हळूहळू काकूची बडबडही. मला तर दुकानात करमेनासं झालं.

मग काकांना प्लेअरच्या पाठीशी नऊ पिनांचं एक भोक सापडलं. "सीरियल पोर्ट हाय! तारेतून हुकूम धाडला का यंत्र जवाब देते!" माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली आला. एका कीबोर्डची सगळी बटणं उपटून काकांनी तीनच ठेवली: लावायचं, थांबवायचं, पुढचं. बोटांना कळावं म्हणून पहिल्यावर तुरीचा दाणा चिकटवला, दुसऱ्यावर चिंचोका, तिसऱ्यावर सरकी.

पण प्लेअर ढिम्म. आठ दिवस हुकूम जात होता, जवाब काही येत नव्हता. काकांचं जेवणात लक्ष लागेना. मी आपलं चेष्टेनं म्हटलं, "काका, रिमोटच बरा होता." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

"काऊन चालून नाई राह्यलं?" शेवटी बाजेवरून काकूनंच विचारलं.

"कोनास ठाऊक! रंगाले रंग जोडला, पिनेले पिन. जिंदगीभर असंच जोडलं मी."

"मंग दोघंबी बोलूनच राह्यले असतील. आयकते कोन? आपल्या दोघांसारखं!"

काका ताडकन उठले. टेलिफोनात रंगाला रंग चालतो. इथं इकडची बोलायची तार तिकडच्या ऐकायच्या तारेला हवी होती. इतकी वर्षं हाडात मुरलेली सवय, सुचणार कसं? दोन तारा उलटसुलट केल्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं उमटली, ओके. "आला! जवाब आला!" काका असे ओरडले की मी तराजू टाकून धावलो.

कीबोर्ड काकूच्या मांडीवर ठेवला. तिनं चाचपून तुरीचा दाणा शोधला, दाबला. गाणं सुरू! चिंचोका दाबला, बंद! पुन्हा तूर, पुन्हा चिंचोका. अख्खी दुपार हेच. एक गाणं धड पुरं होईना आणि काकू लहान पोरीसारखी खिदळत होती. माझं डोकं उठलं.

"काका, सांगा ना काकूला. अशानं यंत्र बिघडेल."

काका पडद्यावर एकाखाली एक उमटणारे ओके पाहत होते. त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"बिघडू दे, आनखी जोडीन. लय दिवसांनी ती कोनाले न इचारता काई करून राह्यली."