कुणाचे पाच?

कॉम्प्युटरवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायचं मी ठरवलं, त्यात कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता. तो हळू चालायचा, पण मीही हळूच चालतो, त्यामुळे आमचं बरं जमत होतं. खरी गोष्ट अशी, की लॉर्ना, म्हणजे माझी बायको, मुलीच्या बाळंतपणासाठी म्हणून तीन आठवडे सिडनीला गेली आणि त्याला आता पाच महिने झाले होते. घर खायला उठायचं. मी फ्रिजशी बोलायला लागलो होतो (तो निदान गुरगुरून उत्तर तरी देतो). शेजारी मर्व्ह आहे, पण आमच्या ब्रोकन हिलमध्ये पुरुषमाणूस दुसऱ्याच्या घरी करमत नाही म्हणून जात नाही. काहीतरी बिघडलेलं लागतं. तेव्हा मी कुंपणावरून विचारलं, "मर्व्ह, ती फुकटातली सिस्टिम बसवता येते का रे, जुनीच्या शेजारी?"

खाणीतून रिटायर झाल्यापासून मर्व्ह बिघाडांच्या शोधातच असतो. पेन ड्राइव्ह आणि दोन मटण पॅटिस घेऊन तो लगेच हजर झाला.

"डिस्कचे दोन भाग करायचे," तो खाता खाता म्हणाला. "एकात जुनी, एकात नवी. सुरू करताना यंत्र विचारतं, आज कोण?"

"भांडणार नाहीत ना दोघी?"

"भांडायला एका वेळी दोघी जाग्या कुठे असतात?"

यंत्राने विचारलं, सगळं पुसू की शेजारी बसवू? माझं बोट पुसण्याकडे निघालं होतं. मर्व्हने मनगट धरलं. "तू बोट खिशात ठेव बघू." मग यंत्राने गाव विचारलं. यादीत सिडनी होतं, ॲडलेड होतं, आणि चक्क ब्रोकन हिलही होतं. मर्व्हने डोक्यावरची टोपी काढली. "क्लेम, जगात कुणीतरी आपली दखल घेतली रे." आम्ही मोठ्या अभिमानाने आपल्या गावावर क्लिक केलं. घोटाळा तिथेच झाला.

त्याचं असं आहे, की आमचं गाव सिडनीच्या राज्यात, पण घड्याळ ॲडलेडचं, सिडनीपेक्षा अर्धा तास मागे. त्यामुळे कुणी वेळ सांगितली की आधी "कुणाचे?" असं विचारायचं, हे इथल्या पोराला चालायच्या आधी येतं. पण माझी सिडनीवाली मुलगी टॅमसिन हिने तिकडूनच जुन्या सिस्टिमला सिडनीचं घड्याळ लावून ठेवलं होतं. दर रविवारी पाचला आईचा कॉल यायचा, तो बाबाकडून चुकू नये म्हणून. स्क्रीनवर पाच वाजले की लॉर्ना दिसायची. पाच महिने मला डोकं वापरावं लागलं नव्हतं.

आणि हा रविवार साधा नव्हता. "परत येतेय की इथेच राहतेय, ते रविवारी सांगते," असं ती म्हणाली होती. मी दुपारपासून तयारीला लागलो. अंघोळ केली, शर्टाला इस्त्री केली, नाकातले केस कापले. कॉल जुन्या सिस्टिमवरच यायचा, म्हणून नव्या घड्याळात पाच वाजायला आले तशी जुनी सुरू करून समोर बसलो. (जुनीचं घड्याळ त्या दिवशी भलतंच काहीतरी दाखवत होतं. नव्या शेजारणीवर रुसली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.)

कॉल आला नाही. मी बसून राहिलो. कॅमेरा चालू होता, त्यामुळे स्क्रीनवर इस्त्रीच्या शर्टातला एक म्हातारा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, तिने तिकडेच राहायचं ठरवलंय आणि सांगवत नाही म्हणून फोन करत नाही. मग मला रडू आलं. उगाच कशाला लपवू, चांगलं हुंदके देऊन आलं.

तेवढ्यात मागच्या दाराची जाळी फाडून मर्व्ह पहारीसकट आत आला. (दार उघडंच होतं. पण पहार आणलीच होती त्याने.) त्याच्या कानाला मोबाइल होता.

"जिवंत आहे," तो मोबाइलमध्ये म्हणाला. "हो, बसलाय खुर्चीवर. नाही, अंगावर काही पडलेलं नाही. रडतोय. शर्ट मात्र इस्त्रीचा आहे." आणि त्याने मोबाइल माझ्या हातात दिला.

"अर्धा तास कॉल करत होते मी, शेवटी मर्व्हला लावला!" लॉर्ना म्हणाली. "तुझा मोबाइल कुठे आहे?"

"गाडीत."

"मला वाटलं शिडीवरून पडलास." मग तिने विचारलं, "क्लेम, तुला करमत नाहीये का?"

"कॉम्प्युटर बिघडलाय," मी म्हणालो.

"उद्याच्या गाडीने निघते," ती म्हणाली. "संध्याकाळी साडेसातला पोचेन. स्टेशनवर ये."

मी तीनदा हो म्हणालो. एवढा आनंद झाला, की फोन ठेवल्यावर मर्व्हला मिठी मारायला गेलो. तो पहार मध्ये धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मात्र मी सावध होतो. अर्ध्या तासाने एकदा फसवलं, पुन्हा फसणार नव्हतो. लॉर्ना सिडनीत राहून आलेली, म्हणजे तिचे साडेसात सिडनीचे. फरक अर्ध्या तासाचा. साडेसातात अर्धा मिळवला, झाले आठ. पंधरा मिनिटं आधीच पोचलेलं बरं म्हणून फुलं घेऊन पावणेआठला स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्मवर चिटपाखरू नव्हतं. बाकावर बसलो. आठ वाजले, सव्वाआठ झाले. येते म्हणून सांगितलं आणि आली नाही, असं वाटायला लागलं. शेवटी फोन लावला.

"कुठे आहेस तू?" मी विचारलं.

"घरी. चहा पिऊन झाला माझा. मर्व्ह आला होता घ्यायला. त्याने फोन करून विचारलं होतं, कुणाचे साडेसात म्हणून."

"पण मी अर्धा तास धरला होता की हिशेबात!"

"सिडनी आपल्या पुढे आहे की मागे, क्लेम?"

मी बोटांवर मोजलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं. फुलं मांडीवर ठेवावी लागली.

"आलोच," मी म्हणालो. "तू कुठे जाऊ नकोस. आणि तो कॉम्प्युटर जरा..."

"मर्व्हने बघितला तो," लॉर्ना म्हणाली. "कॉम्प्युटर ठणठणीत आहे म्हणाला. बिघडलेलं ते स्टेशनवर बसलंय."