नानांच्या गाडीची डबल बेल

आमच्या सावेडीतल्या सोसायटीत भानुदास नानांच्या मोटारसायकलवर मागे बसायचं म्हणजे नोकरीच करावी लागते. मागच्या कॅरिअरला त्यांनी सायकलची घंटी बसवली आहे. मागच्याने ती दोनदा वाजवली की गाडी सुटते, एकदा वाजवली की थांबते. नुसतं "चला नाना" म्हटलं तर नाना समोर बघत बसून राहतात.

"बेल दिली का?" एवढंच विचारतात.

नानांनी चौतीस वर्षं एसटी चालवली, बरीचशी नेवाशाच्या रस्त्यावर, आणि कुणाला साधा ओरखडा येऊ दिला नाही. रिटायर झाले, पण मनाने एसटीतून उतरले नाहीत. रोज सकाळी गाडीभोवती पूर्ण फेरी मारून पान्याने दोन्ही टायर ठोकून बघतात. पार्किंगमधून मोटारसायकल हातभर मागे घ्यायची असली, तरी मला मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, बास!" असं ओरडावं लागतं. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. आता माझा आवाज बरा लागतो.

वेग जेमतेम वीस. शाळेला निघालेल्या सायकली आम्हाला मागे टाकून जातात. एकदा मी म्हटलं, "नाना, जरा ओढा की, ऑफिसला उशीर होतोय."

"गाडी पुढं न्यायची नसती, घरी न्यायची असती," नाना म्हणाले. कट मारून जाणाऱ्या प्रत्येकाला ते हेच ऐकवतात. त्याला ते ऐकू जात नाही. मला जातं.

एकदा सिग्नल हिरवा झाला आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलो. गाडी हलेना. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. पोलीस आला.

"आजोबा, बंद पडली का?"

"बंद कशाला पडंल? बेल न्हाई आली अजून."

पोलिसाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईघाईने टिंग टिंग केलं.

गेल्या महिन्यात मात्र नाना पडले. भाजीच्या हातगाडीवर ताजी कोथिंबीर दिसली आणि मी सिंगल बेल न देताच, गाडी हळू झालेली बघून उडी मारली. नाना बेसावध, रस्त्याच्या कडेला वाळू. कोपर खरचटलं. सोसायटीत सगळ्यांना त्यांनी "वाळू हुती" एवढंच सांगितलं. मीही "हो, वाळू होती" म्हणालो.

पुण्याहून त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला. "काका, तुम्ही रोज मागं बसता. खरं सांगा, झेपतं का आता त्यांना? तुम्ही नाही म्हणालात तर मी गाडी विकून टाकते."

"दोन दिवसांत सांगतो," म्हटलं. खरं सांगायला जीभ रेटेना.

मग ठरवलं, नाना एकटे कशी चालवतात ते तरी बघू. रविवारी ते मला कधीच बसवत नाहीत, "गाडी बुक हाय" म्हणतात. त्या रविवारी मी स्कूटरवरून त्यांच्या मागे निघालो.

दोन गल्ल्या पलीकडे नाना एका घरासमोर थांबले. आतून पांढऱ्या शर्टातला एक किडकिडीत म्हातारा आला. नानांच्या घरातल्या फोटोत पाहिलेला होता म्हणून ओळखला. नानांचे वीस वर्षांचे कंडक्टर, शमुवेल मास्तर. नानांनी स्वतःच्या हाताने त्यांना हेल्मेट घातलं, पट्टा लावला, ओढून पाहिला. गाडी मागे घेताना मास्तर मागे उभे राहिले, पण ओरडले नाहीत. सीटवर दोन थापा मारल्या, मग चढले. टिंग टिंग. गाडी सुटली.

मास्तर चर्चमध्ये गेले आणि नाना बाहेर लिंबाखाली बसले. मी जरा लांब उभा होतो.

"या इकडं. आरशात कवापासून दिसताय. अंतर लई कमी ठेवता तुमी."

मी जाऊन शेजारी बसलो.

"घशाचं आपरेशन झालं आन् आवाज गेला त्याचा," नाना म्हणाले. "नेवासा फाटा आला म्हनून झोपलेली गाडी उठवनारा मानूस. घराबाहेर पडंना. कुनी काय इचारलं तर बोलायचं कसं? मग मी घंटी लावली. म्हनलं, मास्तर, तुझ्या बेलवर गाडी चालत हुती, आजबी चालंल."

"मग आम्हाला कशाला वाजवायला लावता?"

"त्याच्या एकट्यासाठी लावली तर त्याला कळंल की. दया केली म्हनंल. म्हनून नियमच केला. सगळ्यांना."

मला स्वतःची लाज वाटली. वाळूवर सगळं ढकलून मी ही गाडी विकायला निघालो होतो.

घरी आल्या आल्या पुण्याला फोन लावला. "सुनंदा, नाना उत्तम चालवतात. त्या दिवशी ते पडले माझ्यामुळे. मी सिंगल बेल न देता उतरलो."

"कसली बेल, काका?"

"शनिवारी ये आणि मागं बसून बघ," मी म्हटलं. "रविवारी ती जागा रिकामी नसते."