निसारमामूंची वायर

निसारमामू कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडं बघत नाहीत, भिंतीतल्या भोकाकडं बघतात. वायर आत येते तिथं बोट फिरवतात आणि तोंड वाकडं करतात. "धार हाय. घासून राहिली. एक दिवस कापल."

मामू आमचे शेजारी, नांदेडातले जुने लेडीज टेलर. डोळे थकल्यावर दुकान मुलाला दिलं आणि लातूरच्या एका हौशी माणसाकडून फायबरची जुनी नाव आणून विष्णुपुरी धरणाच्या काठाला बांधली. मी ऊठसूट निषेधाची पत्रकं काढणारा. तोंडावर सांगितलं, "मामू, निम्म्या शहराला रोज पाणी नाही आणि तुम्ही धरणात मौज करणार?"

"तू पत्रक काढ," मामू म्हणाले. "फक्त भिजू देऊ नको."

मामूंना नावेत जादा बॅटरी, इन्व्हर्टर आणि पुढच्या बाकापर्यंत नवी वायर हवी होती. कशाला, तर पंख्याला. नदीवर पंखा! चैनीला काही सीमा असते की नाही?

पहिल्यांदा त्यांनी वायर तळाच्या फळ्यांखालून नेली. शिवण बाहेर दिसली तर टेलरची अब्रू जाते ना. काम इतकं देखणं झालं की वायर कुणाला सापडेना. पाण्याला सापडली. तळाशी साचलेलं पाणी जोडात शिरलं आणि त्याच वायरवर टाकलेला भोंगा आपोआप वाजायला लागला. बॅटरी काढेपर्यंत थांबला नाही. काठावरचे मासे धरणारे म्हणाले, "मामू, वरात कवा निघणार?"

मामूंनी सगळं उसवलं. नवी वायर वरून, काठाच्या आतल्या बाजूनं नेली. तिला जाड कॅनव्हासची बाही शिवली. प्रत्येक भोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं, वीतवीतभरावर पट्ट्या आवळल्या, बॅटरीला लागून फ्यूज टाकला. जोडाच्या अलीकडं मात्र वायर मुद्दाम लोंबती ठेवली.

"पाणी लई चालू हाय," मामू म्हणाले. "वायर धरून चालत येतं. झोळ ठेवला की तिथंच टपकून जातं." त्या आठवड्यात त्यांनी आमच्या टीव्हीच्या वायरलाही झोळ दिला. आमच्या टीव्हीवर कुठून पाणी येणार, हे विचारायची सोय नव्हती.

एका सकाळी हाक आली, "चल रे, पत्रकवाले."

नावेत पुढच्या बाकावर मामूंची बायको, आमच्या मुमानी, बसल्या होत्या. नाकात नळी, पायाशी श्वासाचं मशीन, नव्या वायरवर घरघरत. पंखा कुठंच नव्हता.

मशीन आल्यापासून मुमानींना दवाखान्याशिवाय बाहेर पडलेलं मी पाहिलं नव्हतं. "समोरच्या काठाला माझं माहेर," त्या मला म्हणाल्या. "लहानपणी नावेनंच जायचो. रस्त्याची धूळ आता सोसत न्हाई. पाण्यावरनं एकदा बघायचं होतं."

मामूंच्या मुलानं इंजिन सुरू केलं. मुमानी एकेक झाड ओळखू लागल्या, थांबून, श्वास घेऊन. मी पत्रक काढायचं ठरवलं, धुळीवर. मामूंनी मात्र काठाकडं एकदाही पाहिलं नाही. पाठमोरे बसून दोन्ही हातांनी वायर धरली होती.

"घरी बी असेच झोपतात," मुमानी हसल्या. "बायकोचा हात न्हाई, वायर धरून."

मामूंनी मान वळवली नाही. "गरम होती का बघून राहिलो."

उतरताना मी हात लावून पाहिला. वायर थंड होती.