दगाअप्पांचं राखीव पुण्य

आमच्या लोणखेड्यात भर दुपारी बाराला चिंचेखाली कोणी फिरकत नसे, कारण तिथे भुतं असतात. दगाअप्पा रोज बरोबर बाराला तिथेच जात, कारण तिथे भुतं असतात. हातात पितळेचा लोटा घेऊन ते झाडाकडे तोंड करून उभे राहत आणि उपदेशाला सुरुवात करत. "चोरी करू नका. खोटं बोलू नका. कोनले झपाटू नका." मग लोट्यातलं पाणी थेंब थेंब जमिनीवर सोडत आणि वर बघून म्हणत, "साधू म्हना!" जरा वेळ थांबत. झाड काही म्हणत नसे. तरी अप्पा समाधानाने मान हलवून घरी जेवायला जात.

मी गावातल्या शाळेवर नवा मास्तर म्हणून हजर झालो, तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याला चळ लागलाय. पुढे कळलं की हा चळ नव्हे, धर्म आहे. तरुणपणी अप्पा दोन वर्षांसाठी म्हणून रंगूनला गेले, लाकडाच्या वखारीत राखणदार झाले आणि अकरा वर्षांनी परतले. तिथल्या एका म्हाताऱ्या फुंगीने, म्हणजे बर्मी भिक्षूने, त्यांना बुद्धाची शिकवण दिली. त्यातलं फुंगीचं किती आणि पदरचं किती, हे सांगायला आता फुंगी हयात नव्हता.

"भूत म्हनजे अडकेल मानूस," अप्पा मला समजावत, "आनि मानूस म्हनजे हिंडतंफिरतं भूत. दोन्हीस्ले मारू नका, वाट दाखाडा."

वाट दाखवायची रीत अशी की, आपण केलेलं पुण्य दुसऱ्याला वाटायचं. त्याने ते ऐकून, मनापासून खूश होऊन 'साधू', म्हणजे 'भलं केलंत', म्हटलं तरच ते त्याला पोहोचणार. त्याने तोंड फिरवलं तर सगळं फुकट. भुतांच्या बाबतीत अप्पा व्यवहारीही होते. चिंचेखाली ते बुद्धाचे पाच नियम सांगत, पण नदीकाठच्या मोहाच्या झाडाखाली चारच. पाचवा दारूचा. तो सांगितला की मोहावरची भुतं खाली उतरत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

जिवंत माणसांचीही सुटका नव्हती. मी शाळेच्या घाईत असलो तरी अप्पा आडवे येत. "मास्तर, सकायले मुंग्यास्ले पीठ टाकं. अर्धं पुन्य तुमनं. साधू म्हना!" मी साधू म्हणून पळ काढी. शहाद्याहून येणारा कल्हईवाला करीमभाई मात्र चांगला घासाघीस करी. "अप्पा, आज क्या माल है?"

"वासरू काढं खड्डामातून."

"बस, एकच? कल तो दो थे!" असं कुरकुरत तो शेवटी साधू म्हणून टाकी. मला डोळा घालून सांगे, "देनेवाला दे रहा है, मैं ना बोलनेवाला कौन?"

मी एकदा विचारलं, "अप्पा, इतकं वाटल्यावर तुमच्याकडे काय उरतं?"

"दिवावर दिवा लावा मास्तर. पयला इझस का?"

पण एक पुण्य ते कोणालाच देत नसत. फुंगी अंथरुणाला खिळला, तेव्हा अप्पांनी सहा महिने त्याचं हागणं-मुतणं काढलं होतं. ती सेवा राखीव. "ती भागीनी शे," ते म्हणत. भागी म्हणजे त्यांची बायको. अप्पा रंगूनला असतानाच ती तापाने गेली, आणि ते कळवणारं पत्र त्यांना दोन महिन्यांनी मिळालं.

"मग देऊन टाका ना तिला," मी म्हटलं.

"ती रुसेल शे. आते दिधं तर साधू म्हनाव नही ती. राग उतरू द्या."

म्हणून तर रोजची दुपार. इतर भुतांबरोबर कधीतरी भागीही ऐकायला येऊन मागे उभी राहील, एवढ्या आशेवर त्यांचा सगळा उपदेश चालला होता. हे कळल्यावर मी त्यांची नक्कल करणं सोडून दिलं.

एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली धुरपता घुमायला लागली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं पोरीचं. सासऱ्याने भगत बोलावला. भगताने मिरच्यांची धुरी दिली. मिरची नंदुरबारची, त्यामुळे आख्खी गल्ली खोकत होती, भगत सगळ्यात जास्त. फक्त भूत खोकत नव्हतं. शेवटी भगताने विळा निखाऱ्यात तापत घातला. आता डाग देणार. सासू रडायला लागली. मी "अहो, थांबा, थांबा" म्हणत होतो, पण शाळेबाहेर मास्तराचं कोण ऐकतो!

तेवढ्यात अप्पा लोटा घेऊन आले आणि त्यांनी आधी धुरी विझवली. "भुताले ठसका लागना तर ते बोली कसं?"

"मी नही जास!" धुरपता किंचाळली.

"नको जाऊ. बठ. कोन घाई करस? जेवनी का?"

भूत खालीच बसलं. त्याला 'बस' म्हणणारा माणूस बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. अप्पांनी समोर बैठक मारली आणि मुंग्यांचं पीठ देऊ केलं. "इतलंसं?" भूत म्हणालं. अप्पांनी वासरू दिलं. भुताने तोंड फिरवलं. त्यांनी आख्ख्या वर्षाचा उपदेश दिला, तर भूत चक्क हसलं. करीमभाईपेक्षाही कठीण गिऱ्हाईक! तिकडे विळा लाल झाला होता. भगताने तो उचलला आणि सासरा म्हणाला, "बस व्हयनं अप्पा, सरका आते."

अप्पा सरकले नाहीत. लोट्याकडे बघत राहिले आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सहा महिनानी सेवा शे, बाई. म्हातारा मानूसनी. आजलोंग कोनले दिधी नही. आख्खी तुनी."

थेंब पडू लागले. 'अप्पा, ती नको' असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण विळा पोरीपासून हातभर अंतरावर होता.

धुरपता त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग पुटपुटली, "साधू." तिने पदर सावरला आणि प्यायला पाणी मागितलं. भगताने विळा बाजूला टाकला. माणूस प्रामाणिक, त्यानेही हात जोडून साधू म्हटलं.

गावाने अप्पांना डोक्यावर घेतलं. अप्पा मात्र संध्याकाळी ओट्यावर मान खाली घालून बसले होते. मी त्यांचीच शिकवण त्यांना ऐकवली, "दिवा विझत नाही अप्पा. भागीबाईंनाही देता येईल की तेच."

"येई," ते म्हणाले. "पन उष्टं व्हई ना, मास्तर. जिती व्हती तवय मन्हा ताटमानं उष्टंच खाधं तिनी. एक तरी कोरं देनं व्हतं तिले."

मला रडू आवरेना.

चार दिवसांनी शहाद्याच्या रस्त्यावर अप्पांनी पाणपोई घातली. विहीर लांब, उन्हाचा तडाखा, आणि त्या वयात खांद्यावर कावड. करीमभाई आणि मी तिथे पोहोचलो तेव्हा म्हातारा घामाने निथळत होता. आम्ही ओंजळी धरल्या. मी सवयीने 'साधू' म्हणायला तोंड उघडणार, तोच अप्पांनी बोट उचललं.

"नुसतं पानी प्या. हाई तुमनं नही."

करीमभाईने अप्पांच्या खांद्यावरचे लाल वळ पाहिले, पुढे होऊन रिकामी कावड उचलली आणि विहिरीकडे निघाला. अप्पा लगबगीने त्याच्यामागे धावले आणि त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"हात नका लावू, भाऊ," ते म्हणाले. "तुमना वाटा पडी जाई."

आणि कावड खांद्यावर टाकून ते एकटेच विहिरीकडे गेले.