दुपारी बंद पडणारी साइट

इंदूताई कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी कानाला हेडफोन लावतात. त्याची वायर कशालाच जोडलेली नसते, नुसती पदराखालून लोंबत असते. "सारी नोकरी कानाला लावून केली, मास्तर. त्याबिगर बोटंच चालत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं.

कराडात आमच्या शेजारी त्या एकट्या राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो म्हणून मी मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी मला धरून बसवलं आणि आसपासच्या खेड्यांना जाणाऱ्या एसटीच्या वेळा सांगणारी वेबसाइट उभी केली. जुना कॉम्प्युटर स्वयंपाकघरातल्या फडताळात. त्यावर दोन कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे चालणारे दोन कप्पे, एकात साइट आणि दुसऱ्यात साऱ्या वेळा. ताई त्यांना 'डबे' म्हणतात. या डब्यांच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक मागणी आधी स्वतःकडे घेऊन मग योग्य डब्याकडे पाठवणारा प्रोग्रॅम. पोरांना हे शिकवायला मला दोन तास लागतात. ताईंना एका वाक्यात कळलं.

"म्हंजे ऑपरेटर की! मग येवढं इंग्रजी कशाला?"

मग हा नियम घरालाही लागू झाला. मागच्या दारानं कुणी आलं की, "थेट आत न्हाई यायचं, फुडनं या!" एकदा वाईहून आलेले त्यांचे सख्खे दीर बॅग सांभाळत घराला वळसा घालून पुढच्या दारात आले. ताईंनी दार उघडलं आणि विचारलं, "बोला, कोण पायजे?"

डबा बंद पडला की प्रॉक्सी लोकांना '502' असा एरर दाखवतो. तो इंग्रजी आकडा ताईंना उद्धट वाटला. त्यांनी तिथं स्वतःचा मजकूर घातला : 'लाइन बंद हाय. गाडीची वेळ फोनवर सांगू.' खाली घरचा नंबर.

गेल्या उन्हाळ्यात साइट रोज बंद पडायला लागली. दुपारी चारला जायची, पाचला परत चालू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभी मीच करून दिलेली ना! मी पंखा बसवला, केबल बदलली, सेटिंगं पुन्हा तपासली. ताई शेजारी उभ्या राहून म्हणायच्या, "उन्हानं असंल."

शेवटी एका दुपारी मी लवकर घरी आलो आणि त्यांच्याकडे जाऊन कॉम्प्युटरवरच्या नोंदी उघडल्या. डबा कोसळला नव्हता. रोज चारला कुणीतरी रीतसर हुकूम देऊन तो थांबवत होतं. आणि त्या घरात हुकूम देणारं माणूस एकच.

"ताई, हे तुम्ही बंद करता?"

त्यांनी आधी चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "व्हय."

"अहो पण, लोक स्टँडवर खोळंबत असतील."

"चार ते पाच आपल्या यादीतली एकबी गाडी न्हाई. बघूनच ठरवलंय."

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी घाईनं उचलला. "बोला नाना. साडेपाचचीच हाय. गुडघा काय म्हणतोय?" गुडघ्यावरून गप्पा पुण्याला गेलेल्या सुनेकडे वळल्या, तिथून यंदाच्या लोणच्याकडे. दहा मिनिटांनी ताईंनी फोन ठेवला.

"हे नाना रोज साडेपाचची गाडी इचारत्यात," त्या म्हणाल्या.

"जातात कुठं?"

"कुठंबी न्हाई."

ताई पदराच्या टोकानं फोन पुसत राहिल्या.

"साइट चालू असली की फोन कराया कारण लागतं, मास्तर. माणूस लाजतं. त्येंचं बी तसंच, आन माझंबी."

फोन पुन्हा वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, उठून आटत चाललेल्या चहाखालचा गॅस बंद केला आणि साइट तशीच बंद राहू दिली.